बंद पबातलं हळदीकुंकू

इंटरनेटवर त्या पबबद्दल जेमतेम तीन ओळी आहेत. लंडनच्या गोदीच्या दारातला पब, खलाशांचा आणि हमालांचा अड्डा, गोदी बंद पडल्यावर बंद झाला, मग पाडला, आता तिथे फ्लॅट्स. खाली कुणीतरी शनिवारच्या मारामाऱ्यांची आठवण लिहिली आहे आणि दुसऱ्या कुणीतरी बिअर पाणचट असायची अशी तक्रार केली आहे. झाला इतिहास! आमच्या हळदीकुंकवाचा एका शब्दाने उल्लेख नाही. मी तावातावाने लिहायला बसले, पण इंग्रजीत सांगायचं तर हळद म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. म्हणून मराठीत सांगते. तुम्हाला हळद माहीत आहे.

बाबा मूळचे रत्नागिरीकडचे. बोटीवर इंजिनरूममध्ये लागले आणि लंडनला उतरले ते इथलेच झाले. गोदीतल्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात ते फिटर होते. आई लग्न होऊन आली ती यार्डामागच्या गल्लीतल्या एका खोलीत. डोक्यावर घरमालक राहायचा. खोलीत दोन माणसं जास्त बोलायला लागली की तो वरून काठी आपटायचा. मी जन्मले तेव्हा म्हणे त्याने रात्रभर आपटली. मी शाळेत जायला लागले तशी आईने समोरच्या पबात सकाळी ग्लास धुवायचं काम धरलं. रत्नागिरीला पत्रात मात्र लिहिलं, ‘हॉटेलात लागले आहे.’ सून दारूच्या गुत्त्यावर जाते हे कळलं असतं तर तिच्या सासूबाईंनी अंथरूणच धरलं असतं.

पबची मालकीणबाई आडव्या हाडाची, केस पिवळेधमक रंगवलेले, आणि आवाज असा की गोदीचा भोंगा वाजला का ही बोलली ते कळू नये. तिला विचारायची सवयच नव्हती. ‘चहा घेणार का?’ असं तिने कधी कुणाला विचारलं नाही, कप समोर आणून आदळायची. मला थंडी वाजतेय असं तिला वाटलं की माझ्या अंगावर स्वतःचं कार्डिगन येऊन पडायचं, बिअरच्या आणि सिगारेटच्या वासासकट. आईला तेव्हा मोजकं इंग्रजी यायचं, ग्लास, वॉश, टी, थँक्यू. पण दोघींचं छान जमायचं, कारण एकीला बोलता यायचं नाही आणि दुसरी ऐकून घ्यायची नाही.

तेव्हा कायदाच असा होता की पब दुपारी बंद ठेवायचे. तीनला दाराला वरचा-खालचा अडसर लागायचा आणि साडेपाचला निघायचा. तेवढ्या वेळात त्या दोघी बारच्या मागे बसून जेवायच्या, आई पोळीभाजी आणि मालकीणबाई चीज सँडविच. एका संक्रांतीला आईने डब्यात तिळगूळ नेला. मालकीणबाईने लाडू कडाकडा फोडून खाल्ला आणि आईच्या डोळ्यांत पाणी कशाला म्हणून बघत राहिली. आईने हातवारे करून सांगितलं. आज घरी असते तर गल्लीतल्या बायका बोलावल्या असत्या, कपाळाला हे लावलं असतं, इथे एक खोली आणि वर काठी. मालकीणबाईने हात पुसले आणि सगळ्या रिकाम्या टेबलांकडे बोट फिरवलं. बोलाव.

अशा रीतीने पूर्व लंडनमधलं आमचं पहिलं हळदीकुंकू दारूच्या गुत्त्यात झालं. बायका किती, तर दोन्ही हातांच्या बोटांत मावतील एवढ्या. कुणी ईस्ट हॅमहून, कुणी इलफर्डहून, एक नर्स ड्यूटीवरून थेट. जरीच्या साड्यांवर पुरुषी ओव्हरकोट आणि पायांत गमबूट. दारात आल्या की आधी दोन्हीकडे बघून घ्यायच्या, कुणी ओळखीचं बघत नाही ना, आणि मग पटकन आत. आत उबदार कोळशाची शेगडी, लालभडक गालिचा, त्याला सिगारेटची भोकं. टेबलावर बिअरमॅट, बिअरमॅटवर हळदीकुंकवाचा करंडा. गुलाबदाणी नव्हती. मालकीणबाईने कॉकटेलमध्ये थेंबथेंब घालायच्या कसल्याशा कडू अर्काची रिकामी बाटली धुऊन दिली, तिच्यातून गुलाबपाणी असं झकास शिंपडलं जायचं की खऱ्या गुलाबदाणीने मान खाली घालावी.

वाणाचा प्रश्न आला तेव्हा मालकीणबाईने शेल्फवरून हाफ पाइंटचे ग्लास काढले आणि प्रत्येकीच्या ओटीत एकेक ठेवला. वर नांगराचं चित्र, खाली पबचं नाव. वाण म्हणजे लुटायचं, एवढं तिला बरोब्बर कळलं होतं. लंडनमधल्या किती मराठी घरांत त्या ग्लासांतून पुढे पन्हं प्यायलं गेलं त्याची गणतीच नाही. आमच्याकडचा एक अजून देवघरात आहे, आई त्यात वाती ठेवते.

मालकीणबाईलाही अर्थातच हळदीकुंकू लावलं जायचं, तेही सगळ्यांत आधी, घरची यजमानीण म्हणून. तिच्या बोटात लग्नाची अंगठी होती. तळघरातून पिंपं वर आणणारा एक टकला माणूस होता. ज्या हक्काने ती त्याच्यावर खेकसायची, त्यावरून तो तिचा नवरा याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. बारमागे खलाशाच्या टोपीतल्या एका तरण्या मुलाचा फोटो होता. तो मुलगा. झालं, सवाष्ण आणि लेकुरवाळी! दोन-तीन वर्षं तिच्या गोऱ्या कपाळावर ठसठशीत कुंकू लागत होतं. ती ते संध्याकाळी पुसायची नाही. साडेपाचला अडसर निघाला की हमाल आत यायचे आणि ‘हे काय गं?’ विचारायचे. त्यावर ती काय सांगायची देव जाणे, पण त्या रात्री पबात कुणी मारामारी करत नसे, असं बाबा म्हणायचे.

मग तो दिवस आला. मी सात-आठ वर्षांची असेन, बटाट्याच्या क्रिस्प्सचं पाकीट घेऊन टेबलाशी बसले होते. उखाणे चालू होते. कढईतला पदार्थ आणि नवऱ्याचं नाव जुळवून सगळ्यांची नावं घेऊन झाली आणि ईस्ट हॅमच्या काकूंना काय लहर आली कोण जाणे. काकू आमच्यातल्या सगळ्यांत वडील, त्यांच्या शब्दाला मान. म्हणाल्या, “आता हिला घ्यायला लावा नाव. आमचं मीठ खाते, नाव घ्यायला नको?” खरं तर मीठ आम्हीच तिचं खात होतो, पण असो. नर्सने समजावून सांगितलं, नवऱ्याचं नाव घ्यायचं असतं, लाजत लाजत, गाण्यासारखं.

मालकीणबाई काही लाजली नाही. तिने नाव सांगितलं आणि अंगठ्याने बारमागच्या फोटोकडे खूण केली. लढाईत बोट बुडाली, त्याच्यासकट. अटलांटिकच्या तळाशी आहे तो. पुढची बस कधी आहे हे सांगावं तशा सुरात सांगितलं तिने.

“अगं बाई! मग तो तळघरातला?”

नर्सने विचारलं. मालकीणबाई खो खो हसली. तो होय? तो माझा भाऊ. असा नवरा शत्रूलाही न मिळो.

तिच्याबरोबर कुणीच हसलं नाही. आपल्याकडे नवरा गेला की मंगळसूत्र उतरतं. इकडच्या बायका तो गेल्यावरही अंगठी काढत नाहीत, हे आम्हाला कुठे ठाऊक? मुलगा म्हणून ज्याला आम्ही औक्षवंत हो म्हणत होतो, तो तिचा नवरा होता, आणि तो त्या फोटोत तेवढाच राहिला होता. काकूंनी करंड्याचं झाकण लावलं. तो ‘टक’ आवाज मला अजून ऐकू येतो. मालकीणबाई काही खुळी नव्हती. तिने झाकणाकडे बघितलं, बायकांच्या तोंडांकडे बघितलं आणि नर्सला विचारलं, काय झालं? नर्सने खाली मान घालून सांगितलं, ज्यांचे नवरे आहेत त्याच लावतात हे.

तिचा हात कपाळाशी गेला. मग ती उठली, बारमागे गेली आणि नळाखाली टॉवेल भिजवला. चिडली नव्हती, रुसली नव्हती. कुणाच्या घरी चुकून बूट घालून शिरलो तर काढतो, तशी ती निघाली होती कुंकू पुसायला.

आई उठली. माझी आई, जी घरमालकासमोर शिंकायची नाही, ती बारमागे शिरली आणि तिने मालकीणबाईचं मनगट धरलं. “नो,” म्हणाली. मग आमच्याकडे वळून मराठीत, “गेल्या संक्रांतीला लावलं, त्याच्या आदल्या संक्रांतीला लावलं. आपल्यापैकी कुणाचा नवरा गेला का? काकू, तुमचे तर उलट आणखी सुटलेत. मग? काय आभाळ कोसळलं?” टेबलाशी आली, करंड्याचं झाकण उघडलं, परत गेली आणि पहिल्या कुंकवावर दुसरं लावलं, आधीच्यापेक्षा मोठं.

काकूंनी कोट चढवला आणि तरातरा दाराशी गेल्या. पण दाराला अडसर! वरचा त्यांच्या हाताला पुरेना. उघडून द्या म्हणायचं तर जिचा अपमान करून निघालो तिलाच म्हणायला हवं. त्या तिथे दाराकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या, शेवटी कोटासकट येऊन बसल्या. मालकीणबाईने त्यांच्यापुढे चहा आदळला. नेहमीप्रमाणे न विचारता. काकूंनी तो प्यायला. पुढच्या संक्रांतीला सगळ्यांत आधी दारात हजर कोण, तर काकू.

त्या दिवशी सगळ्या गेल्यावर आई आणि मालकीणबाई सिंकपाशी कप धूत बोलत होत्या. मालकीणबाई काहीतरी हळू आवाजात म्हणाली. तिला हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. काय म्हणाली ते मात्र आईने मला सांगितलं नाही.

पुढे जहाजं यायची थांबली. यार्ड बंद झालं, बाबांना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला काम मिळालं आणि आम्ही एजवेअरला आलो. तरी पबला शेवटचं टाळं लागेपर्यंत दर संक्रांतीला आई ट्यूब बदलून, मग बस घेऊन तिकडे जायची. शेवटच्या वर्षी उरलेसुरले सगळे ग्लास लुटले. मालकीणबाई भावाला घेऊन समुद्राकाठच्या गावी राहायला गेली आणि तिथेच वारली.

आता हे सगळं मी आज का उकरते आहे ते सांगते. गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले. क्रेमेटोरियममधून घरी आल्यावर आईने बाथरूममध्ये जाऊन कपाळ धुतलं. कुणी सांगितलं नव्हतं, माझ्याशिवाय कुणी तिथे हजरही नव्हतं. मी म्हटलं, “आई, हे काय?” ती म्हणाली, “झालं आता.” आणि तिने समारंभांना जाणंच सोडलं. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही. आमंत्रण आलं की हिचे गुडघे दुखायला लागायचे. बाई मुळातली बोलघेवडी, ती दिवसदिवस खिडकीशी बसून समोरच्यांची कचऱ्याची बिनं कधी उचलतात ते बघायची. मला ते बघवत नव्हतं. मी ठरवलं, या संक्रांतीला हिला हळदीकुंकवाला न्यायचं म्हणजे न्यायचं, उचलून न्यावं लागलं तरी बेहत्तर.

मंडळाचं हळदीकुंकू स्टॅनमोरच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. मी आईला ओढत नेलं. हॉलभर पुण्यामुंबईच्या आयटीतल्या मुली, सगळ्या गोड, सगळ्या सुधारलेल्या. एक तबक घेऊन आईपुढे आली, वाकली आणि अगदी अदबीने म्हणाली, “काकू, तुम्हाला चालेल ना? लावू का?”

“नको गं बाळा,” आई म्हणाली.

मुलगी “ओके ओके, सॉरी हं” म्हणत पुढे गेली. गाडीत माझा पारा चढला. “त्या पबात तू तेव्हा सगळ्यांना सुनावलंस आणि आज स्वतःच्या वेळी नको? लोका सांगे ब्रह्मज्ञान!” आई म्हणाली, “सिग्नल हिरवा झालाय.” एवढंच. खाण तशी माती, म्हणून मीही हट्टाला पेटले. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं, वेळ हातात होता. जिथे हिने दुसरीला लावलं, तिथेच हिला लावायचं. पब नसला तरी जमीन तर असेल!

माझी लेक लीड्सला हॉस्पिटलमध्ये नोकरीला असते, ती वीकेंडला आली. तिला गाडी चालवायला लावलं, आईला सांगितलं नदीवर फिरायला जातोय, आणि पर्समध्ये करंडा टाकला. दुपारचे तीन वाजत आले होते. जिथे यार्ड होतं तिथे काचेच्या इमारती, जिथे आमची खोली होती तिथे जिम. पबच्या जागी फ्लॅट्स आणि फाटकाला कोड. एक बाई कुत्रं घेऊन बाहेर पडली तशा आम्ही तिघी आत घुसलो.

आई थबकली. मग काठी टेकत टेकत सरळ निघाली, जणू कालच कामावरून घरी गेली होती. सायकली लावायच्या स्टँडपाशी थांबली. “हा बार.” रिसायकलिंगच्या बिनांकडे काठी केली. “ती शेगडी.”

“आजी, इथे तू ग्लास धुवायचा?” लेकीने विचारलं.

“धुवायचे. इथेच. सिंक इथे होतं.”

एक गृहस्थ वरच्या बाल्कनीतून म्हणाले, मे आय हेल्प यू? म्हणजे चालत्या व्हा. मी म्हटलं, नो, थँक्यू. आणि आईला शेजारच्या कठड्यावर बसवलं. आता विषय काढायचा. मी गाडीत सगळं भाषण जुळवून ठेवलं होतं, स्त्रीचा सन्मान वगैरे. “आई,” मी सुरुवात केली, “तुला जर चालणार असेल तर मला असं वाटतं की…”

“तूसुद्धा तेच! ती मुलगी तेच, तूही तेच!” आई कडाडली. बाल्कनीतले गृहस्थ आत गेले. “लावू का, चालेल का, वाटतं का! अगं, विचारल्यावर काय म्हणायचं माणसाने? हो बाई, लाव, असं आपल्या तोंडाने मागायचं? तिला आम्ही विचारलं होतं का? सरळ लावलं होतं.”

मी तिच्या शेजारी कठड्यावर बसले.

“त्या दिवशी सिंकपाशी काय म्हणाली ती मला, माहितेय?” आई आता हळू बोलत होती. “म्हणाली, तू माझा हात धरलास ते बरं केलंस. तो गेल्यापासून माझ्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. वर्षातून एकदा तुम्ही लावता तेवढाच.” तिने काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. “तेव्हा मला ते नुसतं ऐकू आलं. आता कळतंय. बाबा गेल्यापासून मला सगळ्यांनी विचारलंच फक्त. हात कुणी लावला नाही.”

मला रडू कोसळलं. सगळं लंडन पालथं घातलं, शाळेचे हॉल झाले, फाटकात घुसून झालं, आणि करंडा महिनाभर घरात, आई समोरच्या खुर्चीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी पर्समध्ये हात घातला, करंडा सापडला, झाकण निघेना. लेकीने तो माझ्या हातातून घेतला, उघडला, अंगठा कुंकवात बुडवला आणि एक अक्षर न बोलता आजीच्या कपाळावर दाबला. चांगला पेनीएवढा मोठा लाल ठसा उमटला. जरासं कुंकू नाकावर सांडलं.

कपाळाला अंगठा लागताच मिटलेले डोळे आईने उघडले.

“अंगठ्याने लावतात का, गाढवे? आणि हळद आधी लावायची असते! एवढंसुद्धा शिकवलं नाही तुझ्या आईने?”

मग तिने काठी सायकलींना टेकवून ठेवली, पदर खांद्यावर घेतला, चेहरा माझ्याकडे वळवला आणि परत डोळे मिटले.

“रडतेस काय नुसती? हळद राहिलीय.”